आत्याबाईच्या मिशा आणि ओट्याखालचा कप

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की तुम्ही तत्त्वज्ञानवाले सारखं 'समजा असं झालं तर, समजा तसं झालं तर' करत असता, त्यातून शेवटी हाती काय लागतं? प्रश्न रास्त होता. वेळ संपल्याचं निमित्त करून आम्ही तेव्हा सटकलो. आज तिथूनच सुरुवात करू.

खरं तर आपल्या भाषेनं या प्रश्नाचा निकाल कधीच लावून टाकलेला आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं! घरात कुणी 'जर' म्हणून तोंड उघडलं, की ही म्हण समोर येते आणि विषय संपतो. वर्गातसुद्धा मागच्या बाकावरून कुणीतरी ती हळूच म्हणायचंच. आम्ही ऐकू न आल्यासारखं करत असू.

आणि म्हणीत तथ्य आहे, नाही असं नाही. आपले बरेचसे जर-तर हे निव्वळ करमणुकीचे असतात. पानिपत घ्या. 1761 सालची लढाई, पण कट्ट्यावर ती अजून रोज लढली जाते. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊंनी यात्रेकरू आणि बाजारबुणगे मागेच ठेवले असते तर? दोन तास छान जातात. पण या प्रश्नांत बदलायचं असतं ते भाऊंनी, अब्दालीनं, फार तर जानेवारीतल्या थंडीनं. बोलणारा मात्र जसा आला तसाच घरी जातो.

दुसऱ्या एका जातीचे जर-तर असतात. त्यांत परिस्थिती मनानं बदलायची आणि मग पाहायचं, की आपण काय करू. तिथे मिशा आत्याबाईला नाही, आपल्याला लावायच्या असतात. आज जे बोलायचं आहे ते या दुसऱ्या जातीबद्दल.

यातला एक फार जुना आणि फार गाजलेला प्रश्न प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये आहे, दुसऱ्या प्रकरणात. तो सॉक्रेटिसच्या तोंडी नाही, ग्लॉकॉनच्या तोंडी आहे. ग्लॉकॉन म्हणजे प्लेटोचा सख्खा भाऊ. तो गोष्ट सांगतो ती अशी: लिडिया देशात एक मेंढपाळ होता, राजाची मेंढरं राखणारा, गायजीसचा पूर्वज. एकदा भूकंप होऊन जमिनीला भेग पडली. हा आत उतरला. आत पितळेचा पोकळ घोडा, घोड्यात एक प्रेत, आणि प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी. ती घेऊन हा वर आला. पुढे मेंढपाळांच्या बैठकीत बसला असताना चाळा म्हणून त्यानं अंगठीचा खडा तळहाताकडे फिरवला, आणि बाकीचे तो उठून गेल्यासारखं बोलू लागले. खडा बाहेर फिरवला, पुन्हा दिसू लागला. मग काय? राजवाड्यात शिरला, राणीला वश केलं, राजाला मारलं आणि गादीवर बसला. ग्लॉकॉन विचारतो, की अशा दोन अंगठ्या असत्या, एक सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला, तर दोघांच्या वागण्यात फरक राहिला असता का?

लोक यावर काय म्हणतात? 'असली अंगठी नसतेच मुळी.' म्हणजे आत्याबाईच्या मिशाच. गंमत अशी, की रोममध्येही लोक हेच म्हणत. सिसेरोनं इसवी सनापूर्वी 44 मध्ये, आयुष्याच्या अखेरीला, कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो या मंडळींवर चांगलाच वैतागलेला आहे. अंगठी शक्य आहे की नाही हे आम्ही विचारतच नाही, असा त्याचा रोख आहे. शक्य असती तर काय केलं असतं, एवढंच विचारतो आहोत. यावर जो 'शक्यच नाही' या एकाच पालुपदाला धरून बसतो, त्याला उत्तर देण्याची भीती वाटते आहे. उत्तर दिलं तर एक तर कबुली द्यावी लागेल, नाही तर वाईट ते मुळातच टाळायचं असतं हे मान्य करावं लागेल.

आपल्याकडेही ही परीक्षा आहे, फक्त अंगठीशिवाय. एका जातककथेत वाराणसीचा एक आचार्य पाचशे शिष्यांना सांगतो, की मुलीचं लग्न आहे, तुमच्या नातेवाइकांकडून वस्त्रं-दागिने आणा, पण कुणी बघत नसताना आणा. सगळे आणतात. एकटा रिकाम्या हातानं येतो. का? तर म्हणे कुणी बघत नाही अशी जागाच सापडली नाही, कारण जाईन तिथे मी स्वतः होतोच. कथा सुंदर आहे. आम्ही कित्येक वर्षं ती शिकवली आणि ग्लॉकॉनला हे आपलं चोख उत्तर आहे असं अभिमानानं सांगितलं. कोणी बघो न बघो, मी बघतो आहे, विषय संपला.

हल्ली मात्र आम्हाला वाटतं, की विषय तिथे संपत नाही. अडचण अशी आहे, की 'मी बघतो आहे' हे ठीक. पण मला दिसतं किती?

इथे आत्मसुधारणेकडे वळू, कारण आजचा गाभा तोच आहे. एक जानेवारीला डायरी आणायची, पहाटे उठायचं, राग आवरायचा, गोड कमी करायचं. आता त्याचे ॲपही आहेत, रोज हिरवी खूण करायची. या सगळ्यांचे मूळपुरुष म्हणावेत असे गृहस्थ म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. तरुणपणी, 1730च्या सुमाराला, त्यांनी ठरवलं की आपण नैतिकदृष्ट्या निर्दोष व्हायचं. (तरुणपणी असं ठरवता येतं, हे एक बरं असतं.) त्यांनी तेरा गुणांची यादी केली. एक छोटी वही केली, प्रत्येक गुणाला एक पान. लाल शाईनं रेघा आखल्या, आठवड्याच्या सात वारांचे उभे रकाने, आडव्या ओळींत तेरा गुण. ज्या दिवशी जो गुण चुकला तिथे काळा ठिपका. एक आठवडा एका गुणावर भर, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला बरोबर चार फेऱ्या. ठिपके खरवडून वहीला भोकं पडायला लागली, तेव्हा हस्तिदंती पानांची वही केली, म्हणजे शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजानं पुसता येतील. मुद्रकाचा धंदा होता त्यांचा, कागदाचे खाचखळगे जाणत होते.

हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, आणि प्रामाणिकपणे लिहिलं आहे. नीटनेटकेपणा शेवटपर्यंत जमला नाही म्हणतात. नम्रता यादीत मुळात नव्हतीच. एका क्वेकर मित्रानं सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, म्हणून तेरावा गुण वाढवला. आणि नम्रतेबद्दल ते काय कबूल करतात? ती प्रत्यक्षात किती आली याची बढाई मारता येणार नाही, दिसण्यापुरती मात्र बरीच आली. ग्लॉकॉननं हे वाचलं असतं तर टाळी दिली असती. त्याचंही म्हणणं हेच होतं, की माणसाला सज्जन असण्यापेक्षा सज्जन दिसण्यात रस असतो.

पण आम्हाला त्या वहीत अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तेरा गुणांत आठवा गुण आहे न्याय. कुणाला इजा करू नये, कुणाचं देणं बुडवू नये, अशा अर्थाचा. आणि याच फ्रँकलिन यांच्या घरात गुलाम होते. ते 1757 मध्ये लंडनला गेले तेव्हा पीटर आणि किंग हे दोघे गुलाम त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या दिमतीला बरोबर होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. वही त्यांनी पुढे रोज भरली नाही, पण जवळ नेहमी बाळगली, असं ते लिहितात. म्हणजे माणूस रात्री वही उघडतो, न्यायाच्या ओळीवर नजर फिरवतो, ठिपका द्यावा असं काही आज घडलं नाही असं त्याला मनापासून वाटतं, आणि दिवा विझवायला शेजारी जो उभा आहे तो त्याच्या मालकीचा आहे! आता दिवा नेमका कुणी विझवला हे काही लिहिलेलं नाही, ते चित्र आमच्या मनातलं. पण वही आणि मालकी एका माणसाच्या आयुष्यात सुखानं नांदली, हे खरं आहे.

ते ढोंगी होते का? आम्हाला तसं वाटत नाही. ढोंगी माणूस ठिपका लपवतो. यांच्या वहीत त्या ठिपक्याला घरच नव्हतं. रकाने आपण आखतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक रकाने समाजानं आधीच आखून दिलेले असतात. आपल्या हाती असतं ते ठिपके देणं. फ्रँकलिन यांच्या बाजूनं हेही सांगितलं पाहिजे, की म्हातारपणी ते बदलले. 1787 मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि 1790 मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, काँग्रेसकडे त्यासाठी अर्ज केला. पण हा बदल त्या वहीतून आलेला दिसत नाही. तो आजूबाजूची माणसं, संस्था, वादविवाद यांतून आला.

आता समुद्र ओलांडून आपल्याकडे येऊ. रकाना दिसला, पण जगात दिसायची हिंमत झाली नाही, याचं आपल्याकडचं उदाहरण फार बोलकं आहे. 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी आपल्याला मराठीचं व्याकरण दिलं, ते तिचे प्रेरक. राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. जातिभेद मानायचा नाही, हे तिचं सूत्र. सभासद होताना ख्रिस्ती माणसानं भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यायचं. आज आपल्याला हसू येईल, पण तेव्हा एवढ्यानं माणूस जातीबाहेर फेकला जाई. म्हणून सगळं गुप्त. पुरेसे लोक झाले की उघडपणे जाहीर करू, असा बेत.

ही गायजीसची अंगठी आहे, पण उलटी! मेंढपाळ अदृश्य होऊन वाईट वागला. आमची मंडळी अदृश्य होऊन चांगली वागली. खोलीत सगळे समान, जिना उतरून रस्त्यावर आले की जो तो आपल्या जातीत. 1860 मध्ये सभासदांची नावं असलेली कागदपत्रं चोरीला गेली. अंगठीचा खडा कुणीतरी दुसऱ्यानंच बाहेर फिरवला म्हणा ना. आणि सभा फुटली. त्यातल्या काहींनी पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाजाच्या रूपानं उघडपणे काम सुरू केलं, ही जमेची बाजू. पण जातीच्या बाबतीत तो पावाच्या तुकड्याचा कडवेपणा मागे पडला.

यांना नावं ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. त्यांच्या जागी आपण असतो तर त्या खोलीचा जिना तरी चढलो असतो का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. आणि पुण्यात 1890 मध्ये काय झालं ते आठवा. पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा दिला गेला. कुणी प्यायले, कुणी नुसता पेला हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी नावं फोडली, 'पुणे वैभव'नं ती छापली, आणि ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांचं कमिशन बसलं. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसानं शेवटी प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनीही काशीला घेतलेलं प्रायश्चित्त पुढे केलं. एका कपभर चहासाठी!

याच काळात, याच पुण्यात, जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. खोली नाही, जिना नाही, सभासदांची यादी नाही. हौद घराच्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा. आणि आगरकरांनी तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, सनातन्यांनी पुण्यात काढलेली. ग्लॉकॉनचा दुसरा प्रश्न असाच आहे, तो सहसा कुणी सांगत नाही: पुरता सज्जन असूनही जगाच्या लेखी दुर्जन ठरलेला माणूस, आणि पुरता दुर्जन असून सज्जन म्हणून गौरवलेला, यांतलं कुणाचं आयुष्य घ्याल? आगरकरांपुरता हा प्रश्न काल्पनिक नव्हता.

आता इथपर्यंत आम्ही सगळं दुसऱ्यांबद्दल बोललो. फ्रँकलिन, दादोबा, रानडे. हे पानिपतासारखंच झालं, बोलणारा जसाच्या तसा घरी. म्हणून एक घरचं सांगतो. सांगावं की नाही, यावर आठवडाभर विचार केला.

आम्हीही वही ठेवत आलो. निवृत्तीनंतर जास्तच नेमानं. चालणं, वाचन, राग, कुणाला टोचून बोललो का. (या शेवटच्या रकान्यात ठिपक्यांची गर्दी असते.) गेल्या वर्षी सौभाग्यवती चार दिवस नाशिकला बहिणीकडे गेल्या होत्या. सकाळी भांडी-केर करायला मावशी येतात. चहा करायची वेळ आमच्यावर आली. दोन कप मांडले, नेहमीचेच, निळ्या फुलांचे. मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, माझा कप खाली आहे." ओट्याखाली, साबणाच्या डब्याशेजारी, एक पिवळा कप उपडा ठेवलेला. कान उडालेला. त्यांनी तो काढला, विसळला, आणि आम्ही गाळलेला चहा त्यात ओतून घेतला. निळा कप धुऊन जागेवर ठेवला. सगळं अगदी सहज. त्यांना त्यात काही वाटल्याचं दिसलं नाही. निदान आम्हाला दिसलं नाही.

आम्ही सॉक्रेटिस शिकवला, फुले शिकवले, जॉन रॉल्स शिकवला. रॉल्सचा 1971 सालचा तो प्रसिद्ध जर-तर: समाजाचे नियम ठरवायला बसा, पण आपण त्या समाजात कोण म्हणून जन्मणार आहोत हे माहीत नाही असं समजून ठरवा. पडद्याआडून. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. पण स्वयंपाकघराला हा पडदा आम्ही कधी लावून पाहिला नव्हता. उद्या सकाळी या घरात जागा व्हाल, वहीच्या बाजूला की साबणाच्या डब्याच्या बाजूला ते सांगता येत नाही. तर ओट्याखालचा कप ठेवाल का? उत्तर द्यायला क्षणही लागत नाही. प्रश्न विचारायला मात्र आम्हाला सत्तरी ओलांडावी लागली.

तो कप कुणी ठरवून ठेवला होता असंही नाही. आमच्या आईच्या वेळी वेगळी कपबशी होती, मग वेगळा पेला आला, मग हा कप. घरात कुणी जातीचं नाव काढत नाही. विचारलं तर 'स्वच्छतेसाठी' असं उत्तर येतं. पण त्या घरातली सगळी भांडी घासतात कोण, हे त्या उत्तराला आठवत नाही. आणि आम्ही त्यांना हाक काय मारतो? मावशी. आईच्या बहिणीचा कप कुणी ओट्याखाली ठेवतं का!

सौभाग्यवती परतल्यावर विषय काढला. त्या आधी रागावल्या. "इतक्या वर्षांत ओट्यापाशी कधी फिरकलात का, म्हणजे कप दिसला असता," म्हणाल्या. ते खरं होतं, आणि वहीत तोही रकाना नव्हता. मग थोडा वेळ गप्प बसल्या, उठल्या आणि पिवळा कप कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी मावशींना निळ्या फुलांच्या कपात चहा दिला आणि सांगितलं, की यापुढे यातच.

आम्हाला वाटलं होतं, मावशींना बरं वाटेल. वाटलंही असेल. पण त्या पहिल्यांदा बोलल्या ते असं: "काकू, तुमच्याकडे चालेल. फक्त वरच्या मजल्यावर सांगू नका. त्यांना वाटेल, मीच मागितला."

आणखी चार घरची कामं आहेत त्यांच्याकडे. म्हणजे पुन्हा परमहंस सभाच झाली की! आमच्या स्वयंपाकघरात सगळे समान, जिन्यात नाही. पण फरक पाहा. दादोबांच्या मंडळींनी स्वतःच्या भीतीनं गुप्तता पाळली. इथे गुप्तता त्या मागत होत्या, आणि उघड झाल्याची किंमतही त्यांनाच द्यावी लागली असती, आम्हाला नाही. आम्ही सोसायटीच्या सभेत उठून बाणेदार भाषण केलं असतं, टाळ्या घेतल्या असत्या, आणि महिनाअखेरीला मावशींचं एखादं काम सुटलं असतं. तो सज्जनपणा आमचा, बिल त्यांचं.

तेव्हा वरच्या मजल्यावर आम्ही अजून काही बोललेलो नाही. मावशींचं नाव घेऊन बोलणारही नाही. पण त्यांचं नाव न घेता बोलता येतं का, यावर घरात खल चालू आहे. सौभाग्यवतींनी एक सुचवलंय: वरच्यांना आपल्याकडे चहाला बोलवायचं, मावशी कामावर असतील त्याच वेळी, आणि ट्रेमध्ये सगळे कप निळे ठेवायचे. कुणी काही विचारलं, तर त्या म्हणतील, "आमच्याकडे एवढा एकच सेट आहे." आम्हाला ही योजना ग्लॉकॉनपेक्षा बरी वाटते, पण आधी मावशींना विचारायचं ठरलं आहे. त्या सध्या गावाला गेल्यात, सोमवारी येतील.

बरं, दहा मिनिटं आहेत. प्रश्न घेऊ.